चार गावांचे शिक्के

मालनबाईने सुपातले तांदूळ पाटीत ओतले, सूप मांडीवर घेतलं आणि तांदळाच्या जागी पोस्टकार्डं पसरली. मग खडे वेचावेत तशी ती एकेक कार्ड उचलून बाजूला लावू लागली. गंगाबाईचं खालापूरच्या ढिगात. पारूबाईचं कळंबच्या. चांगोच्या आईला पत्रावरचा शिक्का निरखून वाचायची खोड, म्हणून तिचं रसायनीच्या ढिगात, सगळ्यात लांब. उरलेली दोन-तीन चौथ्या, कर्जतच्या ढिगात.

ओसरीवर तिचा नवरा धर्माजी टेंपोच्या किल्लीने कान कोरत बसला होता. सगळी कार्डं स्टेशनाजवळच्या डब्यात टाकून मोकळं व्हावं, असं त्याचं म्हणणं. तिने मान हलवली.

"सगळ्यांवर कर्जतचाच शिक्का पडंल. मग कार्ड भिसेगावातनंच निघालं, हे कुणीबी सांगंल. अन् एका आळीत एकाच गावची दोन कार्डं नकोत. समजलं का?"

"समजलं. कळंबला खत उतरवायचं न् मालनबाईचं टपाल टाकायचं. खालापूरला पेंड उतरवायची न् मालनबाईचं टपाल टाकायचं. सरकारनं मला खाकी कापडं द्याया पायजेत."

ती हसली नाही. एरवी हसली असती.

गेल्या आठवड्यात तिला ते कार्ड आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का रसायनीचा, कोपऱ्यावर तपकिरी डाग. चहाचा असावा. देवीची कृपा आहे, अकरा जणींना असंच लिहा, मनातली इच्छा पुरी होईल. फाडून टाकाल तर घरात विघ्न येईल. पूर्वी असलं कार्ड गंगाबाईच्या बहिणीला आलं होतं, तेव्हा शुक्रवारच्या भजनात मालनबाईच बोलली होती. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. देव टपालाने धमक्या धाडत नाही, बायांनो. बायकांनी माना डोलावल्या होत्या. वर्षानुवर्षं उपास करणारी, नेम न मोडणारी बाई बोलते म्हणजे खरंच असणार.

पण तेव्हा तिची शेवंती सासरी होती. आता ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते, आणि आतल्या खोलीत कुशीवर पडून चिंच चोखत होती. मालनबाईने ते कार्ड दोनदा चुलीपर्यंत नेलं आणि दोन्ही वेळा माघारी आणून देव्हाऱ्यामागे ठेवलं. धीर दुसऱ्याच्या घरचा असला की बोलायला सोपा जातो, हे तिला चुलीपुढे उभं राहून कळलं.

तिने डाव्या हाताने लिहिलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. कृपेची ओळ लिहिली, इच्छेची लिहिली. विघ्नाच्या ओळीशी मात्र हात अडला. आपल्या घरचा केर शेजारणीच्या दारात लोटायचा, तो कसा? ती ओळ तिने गाळली आणि तिथे लिहिलं, सगळ्यांचं बरं होवो. मग रात्रभर दुसरीच काळजी लागली. अर्धं लिहिलेलं देवीला चालेल का? अकरा नावंही भजनातल्या बायकांचीच झाली. दुसरे पत्ते तिला कुठे ठाऊक होते?

धर्माजी उठला तसे तिने ढीग देव्हाऱ्यापुढे नेले. देवाचं नाव लिहिलेला कागद गंध लावल्याशिवाय या घराबाहेर पडत नसे. सासूच्या वेळेपासूनची रीत. तिने चंदन उगाळलं, करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि प्रत्येक कार्डाच्या माथ्यावर टेकवलं. मग चार फडक्यांत चार पुरचुंड्या बांधून नवऱ्याच्या हाती दिल्या.

टपाल पोचायला लागलं तशी ती दाराच्या फटीतून आळी बघू लागली. जलाल पोस्टमन सायकल भिंतीला टेकवायचा, हाक मारायचा, कार्ड द्यायचा. गंगाबाईने कार्ड उन्हात धरून पाहिलं, पदराला पुसलं आणि आत गेली. तोंड काही नीट दिसलं नाही. शेवटचं कार्ड वाटून झालं त्या दिवशी जलाल तिच्याच दारात थांबला. पत्र नव्हतं, पाणी मागितलं.

"मालनबाई, यंदा देवीनं लई फिरती केली बगा," तो तांब्या ठेवत म्हणाला. "चार गावं हिंडून परत भिसेगावातच उतरली."

तिने तांब्या उचलला आणि उगाच घासत बसली.

शुक्रवारी दुपारी बायका भजनाला जमल्या. अकराच्या अकरा. नेहमी दोघी-तिघींचं काही ना काही निघायचं, कुणाची म्हैस, कुणाचा पाहुणा. मालनबाईने टाळ काढले. आज कुणीतरी विषय काढणार, आणि आपलंच ते जुनं वाक्य आपल्यापुढे ठेवणार.

विषय गंगाबाईने काढला. तिला कार्ड आलं होतं म्हणे, खालापूरचं. दुसरी म्हणाली, मला कळंबचं. चांगोची आई म्हणाली, माझं पार रसायनीचं, शिक्का वाचला ना मी. पारूबाई दाराशी टेकून बसली होती; आळीतली सगळ्यात थोरली, मशेरीची डबी कमरेला.

"मग पारूआक्का, तुमी धाडली का फुडं अकरा?" गंगाबाईने विचारलं.

"मी कशाला धाडू? माज्याकडं तर फिरून आलं ते."

"फिरून म्हंजे?"

पारूबाईने डबी उघडली आणि बोट दातांना लावलं. मशेरी लावताना बोलायचं नसतं, असं तिने हातानेच सांगितलं.

मालनबाई गंधाची वाटी घेऊन उठली. भजनाआधी प्रत्येकीच्या कपाळाला गंध लावायचं काम तिचंच. गंगाबाईला लावलं, चांगोच्या आईला लावलं. लहानपणी विळीने तिचं ते बोट चिरलं होतं. टेकवलं की टिळ्यात मधोमध एक कोरी रेघ उमटायची. इतकी वर्षं ती लावत आली होती, पण कधी निरखलं नव्हतं. आज ओळीने बसलेली कपाळं पाहिली, प्रत्येकीवर तो दुभंगलेला टिळा, आणि कार्डांच्या माथ्यावरही हाच उमटला असणार, हे तिच्या ध्यानात आलं.

गंगाबाईने टाळ उचलले.

"आमी ती कार्डं देवाजवळ ठेवलीत गं," ती टाळांकडे बघत म्हणाली. "ज्या हातानं धाडलंय तो हात आमाला ठावं हाय. त्यानं सगळ्यांचं मागितलंय, मग फुडं काय धाडायचं?"

मालनबाईने वाटी खाली ठेवली आणि गंगाबाईकडे पाहिलं.

"आमाला वाटलं, आज लेकीपाशी माणूस लागंल. म्हणून म्हशी, पाव्हणे टाकून आलो."

भजन दोन कडव्यांपुढे गेलं नाही. आतून शेवंतीची हाक आली. टाळ जिथल्या तिथे राहिले. कुणी पाणी तापवलं, कुणी सुईणीला आणायला धावलं, कुणी धर्माजीला टेंपोसकट अंगणाबाहेर काढलं. पारूबाई शेवंतीच्या उशाशी बसली आणि तिला नवऱ्याच्या नावाने शिव्या द्यायला शिकवू लागली. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. आईसारखीच, पहिल्या श्वासाला तक्रार करत आली.

बायका घरोघर गेल्या. पारूबाई तेवढी मागे राहिली. तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं, कोपरा नीट खोचला आणि मालनबाईच्या ओंजळीत दिलं.

"घे. इच्छा पुरी झाली नव्हं?" ती म्हणाली. "जाते मी. आमचा गजा रसायनीसनं यायची येळ झाली. रोज कारखान्यातनं घरी, घरातनं कारखान्यात. माजं काय कुटं टाकायचं असलं तर टाकतो बिचारा वाटंत."

ती गेली. मालनबाई बाळाला घेऊन दिव्याजवळ आली. दुपट्याच्या कोपऱ्यावर, पारूबाईने खोचला होता तिथे, मशेरीच्या बोटाचा तपकिरी डाग पडला होता.

तिने दिवा मोठा केला. मग एका हाताने देव्हाऱ्यामागचं कार्ड काढलं, डागाशेजारी डाग धरला, आणि तिचे खांदे हलू लागले. आतून शेवंतीने विचारलं, आई, हसतेस का गं?

"काय नाय. नीज तू," ती म्हणाली. गंधाची वाटी अजून ओली होती. तिने बोट बुडवलं, त्या कार्डाच्या माथ्यावर टेकवलं आणि ते देवापुढे ठेवलं.

सकाळी सगळी धुणी निघाली. तेवढं एक दुपटं तिने धुवायला टाकलं नाही.