परड्यातलं जोडघर

सरकार आपल्या घरामागच्या परड्यात घर बांधायला कर्ज देतंय आणि त्या कर्जाला हमीही सरकारच राहतंय, हे ऐकल्यावर पिराजीरावांनी पहिल्यांदा सदऱ्याचा खिसा चाचपला. पाकीट जागेवर होतं. म्हणजे चोरी अजून व्हायची होती.

यात त्यांचा दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याला वाटायचं, कारखाना काटा मारतोय. कारखान्याला वाटायचं, ह्यानं मोळ्यांखाली दगड भरलेत. आणि पिराजी दुसऱ्या बाजूला सामील आहे, याबद्दल दोघांचं एकमत असायचं. इतकी वर्षं दोन्हीकडून संशय खाल्लेला माणूस निवृत्त झाला की शिल्लक माल घरी घेऊन येणारच.

योजना आणली मुलानं. सम्राटचं शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं, त्यामुळं पुढच्याला नको असलेली वस्तू कशी गरजेची आहे हे पटवायचा त्याला सराव होता.

"जोडघर योजना म्हणत्यात आबा. शहरात घरं कमी पडाय लागल्यात. ज्याच्याकडं मोकळी जागा हाय त्यानं तिथं दुसरं बारकं घर बांधायचं. व्याज कमी. आन् कर्ज बुडलं तर बँकेला सरकार भरून देतंय."

"आन् सरकारला कोण देतंय?"

"कर भरणारी मान्सं," सम्राट हळू आवाजात म्हणाला.

"मीच की. म्हंजे माझ्या कर्जाला जामीन मीच. आवाज का बारीक केलायस?"

"आई मालिका बघत्याय म्हणून."

"आईला ऐकू जाऊ नये असं काय हाय त्यात?"

"काय न्हाय वो. जागा तुमच्या नावावर हाय, सही तुमची लागंल. आन् एक अट हाय. जोडघरात सैपाकघर वेगळं पायजे. नुसती खोली चालत न्हाय."

पिराजीरावांनी चहाची बशी खाली ठेवली. शिरोळकडच्या त्यांच्या घराण्यात भाऊ भांडले, कोर्टात गेले, एकमेकांच्या उसाला पाणी जाऊ दिलं नाही, तरी चूल एक होती तोवर घर एक धरलं जाई. दुसरी चूल पेटली की वाटणी झाली. मग भावकी जमायची, भांडी निम्मी व्हायची, म्हातारा एकाकडं आणि म्हातारी दुसऱ्याकडं. आता तेच काम सरकार सवलतीच्या व्याजानं करायला निघालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पिराजीराव पुरावे गोळा करू लागले. सूनबाई, म्हणजे संयोगिता, त्यांच्या चपातीला न मागता तूप लावू लागली. "आबा, अजून एक घ्या की," असंही म्हणाली. सून वाईट नव्हती, पण असं म्हणणारी नव्हती. मग नकाशा आला. दाराला उंबरा नाही. दार एवढं रुंद की चाकाची खुर्ची सरळ आत जावी. न्हाणीत भिंतीला धरायला दांडा.

"ह्यो दांडा कुणासाठी?"

"नियमच हाय तसा, आबा. सगळ्यांच्याच नकाशात असतोय."

"म्हंजे सगळ्याच म्हाताऱ्यांचा बंदोबस्त चाललाय."

निष्कर्ष स्पष्ट होता. मोठं घर पोराला आणि सुनेला. म्हातारा-म्हातारी परड्यात, जिथं पूर्वी म्हैस बांधत होते तिथं. म्हैस निदान दूध देत होती.

त्यांनी बायकोला सावध करायचं ठरवलं. तानाबाई शेंगा सोलत होत्या.

"अगं, आपल्याला गोठ्यात घालाय लागल्यात."

"कोण?"

"तुझा ल्योक. कळत न्हाय तुला, तू भोळी हायस."

तानाबाईंनी नकाशा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "ओटा कुठं हाय ह्यात?"

"ह्यो बघ. ठेंगणा केलाय. विटा वाचवल्या असतील कंत्राटदारानं."

"बरं," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. एवढं मोठं संकट आलं असताना बायकोला ओटा सुचतो, याचं पिराजीरावांना वाईट वाटलं. तिचंही रक्षण आपल्यालाच करायला हवं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

बँकेच्या मॅडम जागा बघायला येणार, त्या दिवशी सकाळी त्यांनी कुणाला न सांगता शिरोळला फोन केला. थोरले भाऊ विजयसिंह जेवणवेळेच्या आत दारात हजर झाले. वाटणी म्हटलं की विजयसिंह कधी उशीर करत नसत. दोन वाटण्या त्यांनी स्वतः केल्या होत्या आणि दोन्हींचे खटले अजून चालू होते.

"व्हय रं सम्राट, आम्हास्नी न कळवता वाटणी? परड्यातलं नारळाचं झाड कुणाकडं येतंय?"

"कसली वाटणी, तात्या? कर्जाची तपासणी हाय."

"ते आम्हाला शिकवू नगंस. चूल दोन व्हत्यात का न्हाय, तेवढं सांग."

"दोन व्हत्यात, पण..."

"मग झालं तर. भांडी काढा बाहेर."

एवढ्यात मॅडम आल्या. वयानं लहान, स्कूटरवरून आलेल्या, गळ्यात बँकेचं ओळखपत्र. परड्यात सगळी मंडळी उभी बघून त्या क्षणभर थबकल्या. त्यांना वाटलं, घरात कुणी गेलं असावं.

त्यांनी जागा मोजली, फोटो घेतले आणि म्हणाल्या, "योजनेत एक प्रश्न विचारावा लागतो. भाडेकरू ठेवणार की घरातलंच कुणी राहणार?"

पिराजीराव पुढं झाले. हाच तो क्षण. "विचारा ह्यास्नीच. सगळ्यांच्या म्होरं सांगू दे. कोण राहणार हाय गोठ्यात?"

सम्राटनं संयोगिताकडं बघितलं. संयोगितानं जमिनीकडं बघितलं.

"मी," तानाबाई म्हणाल्या.

"बघा!" पिराजीराव कडाडले. "शिकवून ठेवलीय तिला. आमास्नी दोघास्नी..."

"दोघं न्हवं. मी एकटी."

विजयसिंहांनी आयुष्यात नाना तऱ्हेच्या वाटण्या पाहिल्या होत्या, पण ही त्यांनाही नवी होती.

"मीच सांगितलं सम्राटला," तानाबाई म्हणाल्या. पदर सारखा केला, पण आवाज बारीक केला नाही. "त्यो नगं म्हणत हुता. ह्या सुनंनंच त्येला गप केलं. ह्या घरातला ओटा ह्यांनी बांधताना गवंड्याला आपल्या कमरंचं माप दिलं. सैपाक मी करणार, माप ह्यांचं. तवापासनं पाटावर उभी राहून भाकरी थापत्या मी."

"मग सांगायचं न्हाय व्हय? ओटा फोडला असता की!"

"सांगितलं की. तुमी म्हणाला, गवंडी तुला सामील हाय."

संयोगिताला खोकला आला.

"ते जाऊ दे. ओट्याचं काय न्हाय एवढं. पण मी भाजी टाकली की हे येऊन झाकण काढणार. तेल किती घातलंस? शेजारची चिमणाबाई कशाला आलती? हसत काय हुता? कारखान्यात गाड्या मोजल्या, घरात मला मोजत्यात. मला एक चूल पायजे, जिथं झाकण फकस्त मी काढीन."

महिनाभर पिराजीरावांनी सरकार, बँक, मुलगा, सून, कंत्राटदार, सगळ्यांवर पाळत ठेवली होती. फक्त शेंगा सोलणारीला सोडलं होतं. त्यांच्याविरुद्ध कट होता म्हणावं तर तोही नव्हता. त्यांना कुणी काढत नव्हतं. मोठं घर, उंच ओटा, सातबारा, सगळं त्यांचंच राहत होतं. फक्त माणूस परड्यात निघालं होतं.

"सही करू नगंस," विजयसिंह कानाशी लागले. "बाईमाणूस वेगळी चूल मांडणार, भावकीत तोंड दाखवाय जागा राहणार न्हाय."

"नसली करायची तर नगं," तानाबाई म्हणाल्या. "जबरी न्हाय. मालक हायत त्ये."

मालक हा शब्द पिराजीरावांनी आयुष्यभर बायकोच्या तोंडून ऐकला होता. आज पहिल्यांदा त्यांना त्याचाच संशय आला.

मॅडमनी कागद पुढं केला. पिराजीरावांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चौथ्या ओळीला त्यांना जाणवलं की सगळं परडं आपल्याकडं बघतंय, आणि तानाबाई सगळ्यांत जास्त. त्यांनी वाचणं थांबवलं. हे त्यांना जड गेलं. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं.

"जेवाय बोलवशील न्हवं?" त्यांनी कागदाकडं बघतच विचारलं.

"बोलवलं की यायचं."

"आन् न्हाय बोलवलं तर?"

"सून हाय की. चपातीला तूप लावत्याय."

पिराजीरावांनी सही केली. विजयसिंहांनी मान फिरवली आणि नारळ मोजायला लागले.

मॅडमनी कागद पिशवीत घातला. "अभिनंदन, आजोबा. अजून काही शंका?"

शंका पुष्कळ होत्या. पिराजीरावांनी त्यातली सगळ्यांत लहान निवडली. "दाराला कडी आतनं असती का बाहेरनं?"

"दोन्हीकडून असते."

"आतली जरा दणकट बसवा," तानाबाई म्हणाल्या, आणि पाव्हण्यांना चहा टाकायला आत गेल्या. त्यांच्या मागं जाऊन साखर किती घातली ते बघावं, म्हणून पिराजीरावांनी पाऊल उचललं. मग ते तसंच परत ठेवलं आणि बराच वेळ परड्यात, म्हैस बांधायच्या खुंट्याशेजारी, हात मागं बांधून उभे राहिले.