फोन पलीकडच्यानं ठेवायचा

आमच्या कारखान्यात मुठीएवढी एक डबी बनते. गाडीत ती पुढच्या काचेखाली दडून बसते. धडक बसली की आपणहून मदत केंद्राला फोन लावते, गाडी कुठे आहे ते कळवते आणि मग माणसाला माणसाशी जोडून देते. परदेशात गाडी विकायची तर या डबीला प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर गाड्या बंदरावर नटून उभ्या, आणि न्यायला कुणी नाही.

चाचणीला पलीकडून बोलणारं एक माणूस हवं होतं. मी बाबांचं नाव पुढे केलं. बाबा टेलिफोन ऑपरेटर. चौतीस वर्षं कानाला हेडफोन. निवृत्त झाल्यापासून ताईच्या घरी असतात. ताईच म्हणाली होती, "त्यांना काहीतरी काम लाव रे, दिवसभर माझ्या डोक्यावर मिरे वाटतात."

बाबांनी ते काम फारच मनावर घेतलं. फोनशेजारी टेबल मांडलं, वहीत रकाने आखले, पेन्सिलीला टोक केलं. चाचणीच्या दिवशी सकाळीच दाढी करून बसायचे.

"फोनवर दाढी दिसते का हो?" ताई विचारायची.

"आवाजात दिसते," बाबा म्हणायचे.

त्यांची एक ओळ लहानपणापासून आमच्या कानात आहे: तुटली तार जोडावी, मगच खुर्ची सोडावी. या ओळीपायी कितीदा त्यांचं ताट गार झालं असेल.

डबीतून फोन गेला की पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "मदत केंद्र. कुणाला लागलंय का?"

"नाही. चाचणी आहे."

"गाडीत किती माणसं?"

"एक."

"आवाज नीट येतोय?"

"येतोय."

माझं काम इथे संपायचं. बाबांचं नाही. "जेवलास का रे?" किंवा "अरे, एक सांगायचं राहिलं—" इतकं येईतो माझा हात टेबलावरच्या लाल खटक्यावर गेलेला असायचा. खटका दाबला की डबीची वीज जायची, आतली बॅटरीही सुटायची, सगळं चिडीचूप. रोज अकरा डब्या तपासायच्या होत्या. शेजारच्या टेबलावर कुरळ्या केसांचा एक सोबती बसे, त्याला आम्ही स्प्रिंग म्हणायचो. तो हसायचा, "उडवलास बापाचा फ्यूज!" मीही हसायचो. संध्याकाळी स्वतःहून फोन करीन म्हणायचो. संध्याकाळ झाली की उद्यावर ढकलायचो.

चौथ्या दिवशी दुपारी चाचण्या आटोपल्या. मोबाईल आम्हाला दाराशी कपाटात ठेवावे लागतात. संध्याकाळी निघताना कपाट उघडलं तर ताईचे सतरा फोन येऊन गेलेले. बाबांची उजवी बाजू गेली होती. आणि बोलणं. ज्या माणसानं चौतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जुळवून दिली, त्याच्या तोंडून आता नुसता एक 'अं' निघे.

दोन महिन्यांनी तपासनीस बाई आल्या. चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी नोंदींची पानं उलटली, पुन्हा उलटली.

"चव्वेचाळीस फोन. एकही पलीकडून बंद झालेला नाही?"

"वेळ वाचावा म्हणून मीच बंद करायचो."

"अहो, गाडीनं फोन ठेवायचा नसतो. आतला माणूस बेशुद्ध असेल, त्याला शब्द सापडत नसेल, आपल्याला काय ठाऊक? ठेवायचा तो पलीकडच्यानं. आणि मध्येच तुटला तर केंद्र परत लावतं, म्हणून डबीनं तासभर जागं राहायचं. नियम वाचलाय ना?"

"पाठ आहे."

खरंच पाठ होता. अहवालात मीच टाइप केला होता.

"सगळं पुन्हा करावं लागेल. पलीकडची नोंद असेल तर तीही आणा."

मी ताईकडे गेलो. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. "त्या टेबलाला मी हात लावला नाही," ताई म्हणाली, "नुसती फडक्यानं पुसायला गेले तरी डोळे वटारतात."

वही तशीच होती. रकाने तीन: वेळ, आवाज, शेरा.

आवाजाच्या रकान्यात मला वाटलं होतं 'स्पष्ट' असेल. तसं होतंही. पण पुढे लिहिलेलं, 'स्पष्ट. घसा बसलाय.' 'स्पष्ट. दमलाय.' 'स्पष्ट. कुणावर तरी चिडलाय.' आणि शेऱ्यात ओळीनं, एकाखाली एक, 'तुटला. परत लावला. लागला नाही.' 'तुटला. परत लावला. लागला नाही.' चव्वेचाळीस वेळा. ते नियमानं वागत होते. झोपलेल्या डबीला हाका मारत होते.

शेवटच्या ओळीचं अक्षर उतरणीला लागलं होतं. 'आवाज स्पष्ट. घाईत. उजवा हात जड वाटतोय, हे सांगायचं होतं. तुटला. परत लावला. लागला नाही. उद्याच्या फोनला सांगू.'

मी वही मिटली. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत तक्रार असती तर बरं झालं असतं.

वही मी बाईंना दिली. त्यांनी शेवटचं पान वाचलं, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचलं. मग परत केली. ती मी पुन्हा बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

चाचण्या नव्यानं झाल्या. पलीकडून हिशेब विभागातली एक मुलगी बोलली, फोन तिनंच ठेवले. प्रमाणपत्र मिळालं. गाड्या जहाजावर चढल्या.

त्या दुपारी साहेबांना विचारून मी एक डबी मागून घेतली. ताईला सांगून ठेवलं होतं, रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरून ठेव. फोन लागला. पलीकडे श्वास.

"बाबा, मीच. आवाज नीट येतोय."

"अं."

"जेवलो."

लाल खटका हाताशी होता. स्प्रिंग आला, माझ्याकडे पाहिलं, आणि खटक्यावर आपली टोपी ठेवून निघून गेला.

श्वास चालू होता. मध्येच खुर्ची करकरली. मग टेबलावर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला, आणि पेन्सिलीची खरखर. डाव्या हाताची. थांबत, पुन्हा सुरू होत.

मी ऐकत राहिलो.