घरात राहणारा माणूस

आयातला कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमनी काम दिलं होतं. रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो मुळात कुठून आला, त्याचे अर्थ कसे बदलत गेले, हे वर्गापुढे उभं राहून सांगायचं. निम्म्या मुलींनी ‘शाम्पू’ घेतला, कारण तो आपल्याकडून तिकडे गेलाय आणि त्याची माहिती मोबाईलवर आयती मिळते. आयातने ‘हजबंड’ घेतला. का, ते तिने आईला, कुलसुमला, सांगितलं नाही. पण कुलसुम त्या पोरीला जन्मापासून ओळखत होती. पोरगी कुठे बोट ठेवतेय हे तिला बरोबर कळलं.

कुलसुम मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. शेजारच्या प्रेमलाताई कढीलिंब न्यायला आल्या होत्या. कढीलिंब मिळून बराच वेळ झाला होता, तरी त्या बसल्या होत्या.

“मग काय निघालं तुझ्या हजबंडचं?” त्यांनी आयातला विचारलं.

“त्यात दोन तुकडे आहेत, मावशी. पहिला म्हणजे घर. दुसरा ‘बॉन्डी’, म्हणजे राहणारा, घरजमीन बाळगून असणारा. हजबंड म्हणजे घरात राहणारा माणूस. नवरा हा अर्थ मागाहून आला. आधी बायको नसली तरी चालायची, घर असलं की झालं.”

“असे बिनबायकोचे हजबंड आपल्या वाडीत दोघे आहेत,” प्रेमलाताई म्हणाल्या. “इंग्लंडात तेव्हा त्यांना मान होता म्हण की.”

“आणि शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. उत्तरेकडचे दर्यावर्दी लोक होते, गलबतं घेऊन आले आणि इंग्लंडात ठाण मांडून बसले. त्यांच्याबरोबर आला.”

“म्हणजे स्वतः पाण्यावर, आणि शब्द घरात राहणाऱ्याचा! आपल्याच लोकांसारखे की गो.” प्रेमलाताई हसल्या. “आमच्याकडे मात्र अस्सल माल आहे. रिटायर झाल्यापासून खुर्ची सोडत नाही. कुलसुम, हवा तर ने, आठवडाभर वापरून बघ.”

कुलसुमही हसली. पण मनात तिने हिशेब मांडायला घेतला होता. लग्न झालं त्याच वर्षी सुलेमान शारजाला गेला. मग दोन वर्षांनी एकदा सुट्टी. सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक लावल्या तरी पोर बालवाडीतून चौथीपर्यंत जाईल एवढाच संसार भरत होता. बाकी सगळा फोनवर झालेला. त्यात मुलाची, उमेरची बारावी, सासऱ्यांचं आजारपण, घराचा स्लॅब, सगळं तिने एकटीने निभावलं होतं. याबद्दल तिची तक्रार नव्हती. भाट्याच्या पुलाअलीकडे-पलीकडे दर चार घरांमागे एका घरात हेच चाललेलं होतं, आणि जिथे नव्हतं तिथल्या बायका स्लॅब बघून उसासे टाकत होत्या.

आता सुलेमान कायमचा परत आला होता. गेल्या पावसानंतर आला तो हॉलमधल्या सोफ्यावर बसला, आणि आता फेब्रुवारी संपत आला तरी तिथेच होता. त्यात त्याचा दोष थोडा आणि घराचा जास्त. सुट्टीवर आलेल्या माणसाला कसं ठेवायचं, हे या घराला पाठ होतं. शोकेसमधला पातळ काचेचा कप त्याचा. सारंगा माशाचा मधला तुकडा त्याचा. तो झोपला की मिक्सर लावायचा नाही. त्याला काही आणायला पाठवायचं नाही, काही बोलायचं नाही. माणूस चार दिवसांसाठी आलाय, आराम करू दे. चार दिवसांसाठी ही पद्धत उत्तम होती. पण ती बदलायची कधी, हे कुणाला कुणी शिकवलं नव्हतं.

शारजात सुलेमान गोदामात स्टोअरकीपर होता. गेल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. कुलसुमने “छान झालं” म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तो नमाजला गेल्यावर सगळ्या होत्या तशा लावल्या. उमेरने असलं काही केलं असतं तर त्याच्या पाठीत लाटणं बसलं असतं. सुलेमानने परत येऊन बरण्यांकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि सोफ्यावर जाऊन बसला.

“अजून एक अर्थ आहे,” आयात म्हणाली. तिचा डोळा आईवर होता. “क्रियापद म्हणून. टू हजबंड म्हणजे जपून वापरणं. काटकसरीने, पुरवून पुरवून.”

“ते आपण करतोच,” कुलसुम म्हणाली.

“कशाचं?”

“सुकटीचं. ही बघ, एवढीच उरलीय.”

दुपारी जेवताना सुलेमानने सहज सांगावं तसं सांगितलं. “शारजाहून मुनीरभाईचा फोन होता. नवीन गोदाम उघडतायत. दोन वर्षांसाठी या म्हणतायत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय.”

वाढता वाढता कुलसुमचा हात थांबला. आणि मग तिच्या तोंडून तेच बाहेर पडलं, जे या घरात अशा वेळी नेहमी बाहेर पडत आलं होतं.

“बॅग खाली काढून ठेवू?”

यात तिचं काही चुकलं असं या किनाऱ्यावरची कुठलीही बाई म्हणणार नाही. जाणाऱ्याला नको जाऊ म्हणायचं नाही, हे तिला सासूने पहिल्याच खेपेला बजावलं होतं. त्याचं पाऊल जड होतं, तिकडे मन लागत नाही. रडायचं ते मागीलदारी. पुढच्या दारी बॅग, मसाला, लोणचं आणि सुकट.

सुलेमान ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काढ.”

दोघांनीही आपापला अर्थ घेतला. ती समजली, याला जायचंय. तो समजला, हिला घालवायचंय. आणि दोघंही एकमेकांशी फार अदबीने वागले.

बॅग खाली आली, ऊन दाखवून झालं. आयात दोन दिवस आईशी धड बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी कॉलेजला निघताना दारात वळून म्हणाली, “तू त्यांना एकदा तरी विचारलंस, जायचंय का म्हणून?”

“जायचं नसतं तर काढ कशाला म्हणाले असते?”

“तू काढू का विचारलंस म्हणून!”

“शहाणपणा नको शिकवू. एसटी चुकेल.”

पोरगी गेली, पण काटा ठेवून गेली. कुलसुम सुपात तांदूळ घेऊन बसली आणि तेच तेच पाखडत राहिली. तेवढ्यात प्रेमलाताई वाटीत खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या.

“या सुलेमानभाईंसाठी. किती उपकार मानायचे माणसाचे.”

“कसले उपकार?”

“अगो, आमचा पंप नाय का पाणी उचलत नव्हता? काल येऊन वॉशर बदलून गेले. त्याआधी न्हाणीघराचं दार घासायचं, ते तासून दिलं. माळ्यावरचा पसारा तर असा लावून दिलाय की आता मलाच काही सापडत नाही. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात भिंतीत खिळा ठोकला नाही. मी तर म्हणते...” त्या थांबल्या. “तुला ठाऊक नव्हतं?”

“ते तर चालायला जातो म्हणून सांगतात,” कुलसुम म्हणाली.

“येतात की चालत.”

प्रेमलाताई गेल्यावर कुलसुमने आधी एक वडी खाल्ली. मग तिला राग आला. तो सरळ एका रांगेत आला नाही. पहिला राग असा, की आपल्या न्हाणीघराचं दारही घासतं आणि हा माणूस शेजारची दारं तासतोय. दुसरा असा, की लोक काय म्हणतील. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की घासणाऱ्या दाराची गोष्ट आपण त्याला कधी सांगितलीच नव्हती. आपण दार उचलून लावायला शिकलो होतो. घरात या माणसाला सांगण्यासारखं एकही काम आपण शिल्लक ठेवलेलं नाही, आणि तो काम शोधत शेजारी हिंडतोय. जपून वापरणं म्हणे. शोकेसमधला कपसुद्धा याच्यापेक्षा जास्त वापरला जातो.

ती उठली, दाराच्या मागची कापडी पिशवी घेतली आणि हॉलमध्ये जाऊन ती त्याच्या मांडीवर टाकली.

“बंदरावर जा आणि मासे आणा.”

सुलेमानने पिशवीकडे पाहिलं. “मी?”

“मग काय मी सोफ्यावर बसू?”

तो इतक्या झटक्यात उठला की चपला उलट्या घालून निघाला. दारातून परत आला, त्या सुलट केल्या आणि गेला.

आला तेव्हा चेहरा उजळलेला होता. “बांगडा आणलाय. चांगला मोठा. बाई म्हणाली आत्ताच होडीतून उतरवलाय.”

कुलसुमने पिशवी मोरीत उलटी केली. एका बांगड्याचा कल्ला उचकला. आतून मातकट रंग दिसला. पोट बोटाने दाबलं, खड्डा पडला तो भरून आला नाही.

चांगलं आहे म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर बांगडा मांजरांना गेला असता आणि माणूस शारजाला.

“याला आत्ता उतरवला म्हणतात? हा बर्फात पाहुणचार खाऊन आलाय! कल्ला उघडून बघितलात? डोळे बघितलेत? इतकी वर्षं स्टोअर सांभाळलंत, तिथं असाच माल घेत होतात?”

 आता सुलेमानचाही आवाज चढला. “तिथं खोकी असायची! खोक्याला कल्ले असतात काय?”

“विचारायचं होतं मला!”

“कधी विचारू? या घरात मला कोण काय सांगतं? बरणी हलवली तर तू माझ्या पाठीमागे परत लावतेस. ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं! आणि आता बांगडा शिकून करू काय? शुक्रवारी हो म्हणायचं, पुढच्या महिन्यात तिकडे खोकी मोजायची.”

“जाऊ नका.”

हे तिने मोरीकडे तोंड करून म्हटलं, म्हणून त्याला नीट ऐकू आलं की नाही याची तिला खात्री नव्हती. मग तिने तोंड वळवलं. हाताला मासळीचा वास, पदर ओला.

“जाऊ नका म्हटलं.”

सुलेमान स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकला.  मग म्हणाला, “हे आधी कधी म्हणाली नाहीस.”

“आधी म्हणून काय उपयोग होता? स्लॅब कोणी घातला असता?”

“आणि आता बॅग कोणी काढली?”

“तुम्ही काढ म्हणालात!”

“तू विचारलंस!”

 अंगणात मांजर येऊन बसलं होतं, त्याला बांगड्याची बातमी लागली होती. सुलेमानने खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच, चौकटीत उभं राहून नंबर लावला.

“मुनीरभाई, सलाम. हां, वही बताने के लिए... नहीं आ सकूंगा. नहीं भाई, पगार की बात नहीं.” पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. शारजाचा माणूस सहज सोडणारा नव्हता. “घर में काम निकला है... नहीं, जल्दी नहीं निपटेगा.”

फोन ठेवल्यावर त्याला काय करावं सुचेना. हात धुवावेत असं वाटलं, पण ते स्वच्छच होते.

“आता जेवायला काय?” त्याने विचारलं.

“काय असणार? अंडी आहेत. कांदे चिरा.”

“सुरी कुठाय?”

“शोधा,” कुलसुम म्हणाली आणि बांगडे गोळा करून मांजराकडे निघाली.

त्याला सुरी सापडली. कांदाही त्याने चिरला, चार फाकांत, एकेक फाक अंड्याएवढी. कुलसुम परत आली, ताटलीत डोकावली आणि तिने जे सुरू केलं ते शेजारी प्रेमलाताईंच्या स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू गेलं.