सर्वात वरचं कार्ड

पुतणीच्या एका पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ती बिचारी पत्र लिहिते. "काका, कार्ड बसवलं, पण खेळात काहीच फरक दिसत नाही. माझंच काही चुकतंय का?"

चूक तिची नव्हती. ती घरी आली होती तेव्हा तिने विचारलं होतं, "तुम्ही सगळं वाचता. गेमसाठी सर्वात वरचं ग्राफिक्स कार्ड घेऊ, की मधलं? दोन वर्षं सुट्टीच्या दिवशीही कामावर जाऊन जमवलंय, परत जमायचं नाही." पडद्यावर चित्रं भराभर उमटवणारा तो भाग, एवढंच मला ठाऊक. पण चाळीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणणं जड जातं. एका मासिकातल्या लेखाची पहिली दोन पानं वाचून मी ठोकून दिलं, "घ्यायचं तर वरचंच."

तिचं पत्र आल्यावर तिसरं पान उलटलं. पडदा जुना असेल तर महागडं कार्ड वाया, असं तिथे स्वच्छ छापलेलं. आणि तिचा पडदा? वाचनालयाने मोडीत काढलेला; मीच मोठ्या कौतुकाने तिला दिलेला.

मला नीट समजलंय का, अशी शंका आली, म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. तो हसला. "अहो आजोबा, धबधबा आणलात आणि खाली वाटी ठेवलीत! तो पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. त्याला मधलं कार्डही पुरून उरलं असतं."

घरी येऊन लिहायला बसलो आणि कागद कोरा ठेवून उठलो. असं किती वेळा झालं, सांगायची लाज वाटते.

परवा वहिनी आल्या. "तुमच्या लाडकीने ते यंत्र पलंगाखाली ढकललंय. म्हणते, मला यातलं काही कळत नाही."

"कार्ड कुणाच्या सांगण्यावरून घेतलं, काही म्हणाली?"

"छे! विचारलं तर म्हणते, माझं मीच ठरवलं. का हो, असं का विचारताय?"

तिने माझं नावही घेतलं नव्हतं.

पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात मासिकाला दोष होता, दुकानदाराला होता, माझ्या डोळ्यांनाही होता. तो फाडला. मग लिहिलं:

"तुझं काहीही चुकलेलं नाही. मी तो लेख अर्धवट वाचला आणि सल्ला पुरा दिला. तुझ्या पडद्याला मधलं कार्ड पुष्कळ होतं. हे मला सात महिन्यांपूर्वीच कळलं, पण सांगायला तोंड नव्हतं. यंत्र पलंगाखालून काढ. कार्ड चांगलं आहे, फक्त पडदा बदलावा लागेल. मी दिलेला मोडीत टाक. काकांनी सांगितलं होतं, हे घरात सगळ्यांना सांग."

टपालपेटीपाशी पाकीट पुन्हा उघडावंसं वाटलं. 'पुष्कळ' बरोबर की 'पुरेसं'? मागे एक बाई पत्र घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

"टाकताय ना?" त्या म्हणाल्या.

"हो," म्हणालो, आणि टाकलं.