पन्नासच्या खाली

बाईंनी संगणकावर तिसऱ्यांदा शून्य टाकलं आणि तिसऱ्यांदा गुणांच्या चौकटीनं त्याचे पन्नास करून दाखवले.

"अहो, हे बघा तरी!" त्या स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडल्या. "मी शून्य देतेय आणि हे डबडं माझ्या डोळ्यांदेखत पन्नास देतंय."

"मिळू देत की बिचारीला," मटार सोलता सोलता यजमान म्हणाले. "तुझं काय जातंय?"

"माझं नाही, बाळ जातंय!"

बाईंनी एकतीस वर्षं इस्पितळात काढली होती, त्यातली शेवटची अकरा लहान मुलांच्या वॉर्डची सिस्टर म्हणून. निवृत्त झाल्यावर एका कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाला त्या औषधाच्या मात्रेचं गणित शिकवू लागल्या. शिकणाऱ्या सगळ्या इस्पितळातल्याच बायका. कोणी चादरी बदलणारी, कोणी फरशी पुसणारी, कोणी स्ट्रेचर ढकलणारी. हा शेवटचा पेपर पास झाला की त्यांच्या हातात औषधाची सिरिंज येणार होती. पेपरात प्रश्न एकच होता. आठ किलोचं बाळ, हृदयाचं औषध, किती द्याल? उत्तर होतं अर्धा मिली. समोरच्या पानावर लिहिलं होतं, पाच मिली.

वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो होता तो. पायऱ्या एकाखाली एक, नीटनेटक्या, कुठे खाडाखोड नाही. फक्त शेवटच्या ओळीत दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. फोटोच्या कोपऱ्यात पान धरलेला अंगठा आला होता, फिनेलनं भेगाळलेला. बाईंनी त्या अंगठ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फोन उचलला.

कॉलेजची समन्वयक मुलगी नेहमीसारखं गोड बोलली.

"मॅडम, या सत्रापासून नव्या मार्गदर्शक सूचना आल्यात ना. मी मेल केली होती. सूचना सात. जमा केलेल्या उत्तराला पन्नासच्या खाली गुण देता येत नाहीत."

"आणि पास व्हायला किती लागतात?"

"पन्नास."

"म्हणजे कागद पाठवला की पास!"

"तसं नाही हो मॅडम. आपण प्रयत्नांची दखल घेतो. पद्धत बरोबर आहे ना तिची? म्हणजे निम्मं उत्तर बरोबर आहे."

"मग बाळ निम्मं मरेल का?"

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली. मग मुलगी आणखी गोड आवाजात म्हणाली, "आणि शेरा लिहिताना सूचना नऊ बघा हं मॅडम. सुरुवात कौतुकानं करायची. 'चूक' शब्द टाळायचा. 'सुधारणेला वाव' म्हणायचं."

सुधारणेला वाव! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चष्मा पुसला आणि ती सूचनांची बावीस पानं पहिल्या ओळीपासून वाचून काढली. शिक्षकानं किती तासांत उत्तर द्यावं, शिकवताना त्याच्या पाठीमागची भिंत कोणत्या रंगाची असावी, विद्यार्थ्याला नावानं हाक आठवड्यातून किती वेळा मारावी, सगळं होतं. मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसू नयेत, हेसुद्धा होतं. बावीस पानांत 'रुग्ण' हा शब्द एकदाही नव्हता.

पळवाट एकच होती. 'उत्तर जमा झालं नाही' या ओळीपुढे खूण केली, तर शून्य पडत होतं. बाईंनी माउसचा बाण त्या ओळीवर नेला. पण जे घडलं नाही ते कागदावर लिहायचं नाही, हे त्यांनी एकतीस वर्षं पाळलं होतं आणि हाताखालच्या पोरींना दरडावून पाळायला लावलं होतं. त्यांनी बाण मागे घेतला. पन्नास तसेच राहू दिले, आणि खालच्या रकान्यात, सूचना नऊप्रमाणे कौतुकानं सुरुवात करून, शेरा लिहिला.

'मांडणी स्वच्छ. अक्षर सुंदर. अभिनंदन. बाळ गेलं.'

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. शेऱ्यातली भाषा विद्यार्थिनीला मानसिक त्रास देणारी आहे, शुक्रवारी चार वाजता ऑनलाइन बैठकीत तिची माफी मागावी, तोवर पुढच्या सत्राची नेमणूक विचाराधीन आहे.

"माग की माफी," यजमान म्हणाले. "दोन शब्द म्हणायचे आणि मोकळं व्हायचं. शिकवणं सुटलं तर दिवसभर माझ्यावर खेकसत बसशील."

"मागते ना. आधी त्या सूचना लिहिणाऱ्यांनी पाच मिली पिऊन दाखवावं."

शुक्रवारी पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकीत समन्वयक मुलगी, एकीत बाई, आणि तिसरीत ती विद्यार्थिनी, चाळिशीची, मागे छतापर्यंत धुतलेल्या चादरींच्या चळती. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत बसली होती. तिनं मोबाइल सरळ केला, तेव्हा तो भेगाळलेला अंगठा बाईंना दिसला.

मुलीनं पत्र वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोच विद्यार्थिनी म्हणाली, "थांबा हो ताई. तक्रार मी केलेलीच नाही."

"सिस्टिमनं आपोआप पकडलाय शेरा. तुमच्याच भल्यासाठी."

"माझं भलं राहू द्या. मी तर तुम्हाला दोन मेल केल्या. माझे पन्नास काढून घ्या म्हणून."

मुलगी गोंधळली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"शेरा आला तेव्हा मी बाळांच्या वॉर्डात चादर बदलत होते," विद्यार्थिनी सांगू लागली. "पहिल्यांदा वाटलं, काय मेलं हे बोलणं! रडूच आलं मला. मग खाटेला लावलेला कागद दिसला. वजन आठ किलो. बाळ आपलं पायाचा अंगठा तोंडात घालून पडलं होतं. सोमवारपासून त्याच वॉर्डात मला औषध द्यायला लावणारेत. पास झाले ना मी. मला परत पेपर द्यायचाय."

"पास झालेल्याला परत बसता येत नाही," मुलगी म्हणाली.

"मग नापास करा."

"तसा अर्जच नाहीये हो. अर्जात गुण वाढवा, एवढंच आहे."

बाईंना राहवलं नाही. "ऐकताय ना? जिला औषध द्यायचंय तिला कळतंय, आणि तुमच्या बावीस पानांना कळत नाही!"

मुलगी खाली मान घालून कागद चाळत राहिली. मग हळूच, कोणी ऐकेल की काय अशा भीतीनं म्हणाली, "निकाल पाच वाजता बंद होतो. तोपर्यंत विद्यार्थ्याला स्वतःचं उत्तर मागे घेता येतं. खाली उजवीकडे बटण आहे. पण मग चार महिने थांबावं लागेल. आणि ती सोमवारची जागा..."

"जाईल. ठाऊक आहे," विद्यार्थिनी म्हणाली. "बारा वर्षं चादरी बदलल्या, आणखी चार महिने बदलीन." तिचा अंगठा पडद्याजवळ आला. तो लगेच दाबला गेला नाही. मागे कोणीतरी दार वाजवलं, तिनं "आले!" म्हणून ओरडून सांगितलं, आणि दाबला.

बाईंनी उघडून ठेवलेल्या गुणांच्या चौकटीत पन्नास गेले आणि शून्य आलं. आठवडाभर ज्या शून्यासाठी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, ते पाहून त्यांना कसंसंच झालं.

"कारण लिहावं लागेल," मुलगी म्हणाली. "यादीत तीनच आहेत. आजारपण, इंटरनेट, वैयक्तिक."

"वैयक्तिक लिहा."

मुलीनं लिहिलं. "मॅडम, माफीचं मी... बघते काहीतरी," असं पुटपुटून ती बैठकीतून गेली. दोनच चौकटी उरल्या.

"बाई, एक विचारू? तुमच्या हातून कधी झालं असं?"

बाईंचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. सिरिंज भरलेली होती, बाळाचं तोंड उघडलेलं होतं. मोठ्या सिस्टरनं मागून मनगट धरलं. तिच्या नखांचे वण आठ दिवस होते." त्यांनी हात सोडला. "वही आहे का जवळ?"

"आहे ना."

"घे. आठ किलोचं बाळ. तेच औषध."

ती चादरींच्या चळतीवर वही टेकवून लिहू लागली. झालं तसं तिनं मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा वहीत पाहिलं.

"थांबा हं बाई. परत एकदा करून बघते."

पडद्यावर सूचना आली. बराच वेळ कोणी बोललेलं नाही, बैठक बंद करायची का?

बाईंनी 'नाही' दाबलं.