सतरा अंशांचं पान

मोस्यू कुर्तो यांच्या तळघरातली निम्मी वाइन गाई-घोड्यांनी मिळवून दिलेली होती. चाळीस वर्षं ते बर्गंडीत, आमच्या बोन शहराच्या आसपासच्या गावांत गुरांचे डॉक्टर होते. द्राक्षमळेवाल्यांच्या हातात रोख नसायची. घोडी सुखरूप व्याली की सहा बाटल्या, पोट फुगलेली गाय उठून उभी राहिली की बारा. डॉक्टर त्या उघडायचे कमी आणि निजवून ठेवायचे जास्त. आता वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, आणि दिजोंला मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलेलं. म्हणून त्यांनी आम्हाला बोलावलं.

आम्ही म्हणजे एक छोटं लिलावघर. तिबो मालक, तोच बोली पुकारतो. मी जोझियान, बाटल्या तपासते. मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. अठराव्या वर्षी एका व्यापाऱ्याकडे लेबलं चिकटवायला लागले आणि चिकटवता चिकटवता वाचायला लागले. बूच कसं आहे, बाटलीतली वाइन किती खाली उतरली आहे, तळघराची हवा किती वर्षं एकसारखी राहिली आहे, हे बघून मी कागदावर लिहिते आणि खाली सही करते. ती सही बघून पॅरिसची माणसं न पाहिलेल्या बाटलीवर बोली लावतात. माझी म्हणावी अशी इस्टेट तेवढीच. बाकी दोन मांजरं.

"एकोणीस पायऱ्या आहेत, मादाम. मी आपला वरूनच ओरडीन," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या मिनिटाला काठी टेकत माझ्या मागोमाग खाली आले. "दिव्याचं बटण कुणालाच सापडत नाही."

बाटल्यांवर काळ्या बुरशीची मऊ लोकर चढली होती. आमच्याकडे ही बुरशी म्हणजे चांगल्या तळघराची खूण, तिला कुणी हात लावत नाही. बाहेरगावची नवी सून चुकून फडकं मारते, आणि मग गाव तिला वीस वर्षं ऐकवतं. पण डाव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, बारा बाटल्यांची एकच ओळ इतरांपेक्षा स्वच्छ होती. लेबलं सरळ वाचता येत होती. वोल्ने गावची वाइन, १९६४.

"इथे कुणी पुसलं?"

"एदितनं."

"आणि तुम्ही बायकोला पुसू दिलंत?"

"पडून होती ती. हात स्वस्थ राहायचे नाहीत तिचे. मी म्हटलं, अगं, ही कितीतरी वर्षांची बुरशी आहे. तर म्हणते, म्हणजे इतकी वर्षं या घरात कुणी पुसलंच नाही!"

"पण तळघरात पडून?"

त्यांनी खिळ्याला अडकवलेली वही काढून दिली. दर रविवारचं तापमान. बारा, बारा, तेरा, बारा. गुरांचा ताप लिहायची सवय. गुरं सुटली, सवय सुटली नाही. पानांमागून पानं बारा आणि तेरा. मग २००३चा ऑगस्ट, आणि तिथे रोजची नोंद.

४ ऑगस्ट. बाहेर ३९. आत १३. एदितला खाली आणलं.

५ ऑगस्ट. १४. तिला थंडी वाजते. पायाशी हीटर लावला.

९ ऑगस्ट. १७. एदितला झोप लागली.

असं सोळा तारखेपर्यंत. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटेत आमच्या एका गल्लीतून तीन म्हातारी माणसं गेली होती, त्यामुळे मला आणखी काही विचारावं लागलं नाही.

"तिचं हृदय अशक्त होतं," डॉक्टर म्हणाले. "वर ठेवली असती तर आठवडा काढला नसता. मी आणि पोस्टमननं खुर्चीसकट उतरवली. पोस्टमन भला माणूस, पण घामानं नुसता निथळत होता. एदित त्यालाच म्हणाली, तुम्ही पण थांबा इथे." ते हसले. "त्यानंतर सहा वर्षं जगली. मला रागवत."

संध्याकाळी मी वही तिबोपुढे ठेवली.

"तेरा दिवस!" तो म्हणाला. "तेही अकरा वर्षांपूर्वीचे! वाइनला काही झालंय का?"

"मला नाही वाटत. पातळी छान आहे, बुचं घट्ट."

"मग लिही ना, कायम बारा-तेरा अंश. वही तर सोन्यासारखी आहे. लिलावाला दारातच मांडू. ते एक पान तेवढं काढून टाकू."

"आणि सही?"

"तुझीच, आणखी कुणाची? अगं जोझियान, वाइनपेक्षा गिऱ्हाइकाचा जीव नाजूक असतो. हीटर म्हटलं की पळतील. नुकसान त्या म्हाताऱ्याचं होईल, तुझं नाही."

हे शेवटचं खरं होतं, म्हणून मला दोन दिवस काही लिहिता येईना. सही माझी, पण आयुष्यभराची पुंजी दुसऱ्याची. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. ते पाव आणि चीज खात बसले होते. माझ्यासाठीही एक तुकडा कापला, माझं ऐकून घेतलं, आणि चाकू पुसून मिटवला.

"ते पान काढलं, तर ती सहा वर्षं कुठून आणली म्हणून सांगू?"

मी बशीतला चीजचा तुकडा उचलला.

"लिहा, मादाम. कमी आले तर कमी येतील. मुलीकडे मला लागणार काय? एक खुर्ची आणि एक खिडकी. पण पान फाडलेली वही मांडणार असाल, तर बाटल्याही राहू द्या इथेच."

मी यादीतल्या प्रत्येक लॉटखाली लिहिलं: ऑगस्ट २००३मध्ये तेरा दिवस, सतरा अंशांपर्यंत. आणि सही केली.

लिलाव शनिवारी, जेवणानंतर. वही दाराशी त्याच पानावर उघडी ठेवली होती. तिबो मला बोंजूरसुद्धा म्हणाला नाही. पॅरिसच्या एका गृहस्थांनी ते पान वाचलं, चष्मा काढला, यादी मिटली आणि समोर कॉफी प्यायला निघून गेले. बाटल्या विकल्या गेल्या, नाही असं नाही. पण हात उशिरा वर जात होते आणि लवकर खाली येत होते. डॉक्टर पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

शेवटचा लॉट आम्ही जुन्या रीतीनं करतो. छोटी मेणबत्ती लावायची, ती विझेपर्यंत बोली. शेवटचा लॉट म्हणजे त्या पुसलेल्या बारा बाटल्या. तिबोनं मेणबत्ती लावली. कुणी खोकलं. कुणी बुटाकडे बघितलं. ज्योत आखूड झाली, आणि पहिल्या रांगेतून एक हात वर गेला.

"मोस्यू, हात खाली घ्या," तिबो दातांतल्या दातांत म्हणाला. "विकणाऱ्याला बोली लावता येत नाही."

"बोली कुठली, खाज आली."

सगळे हसले. त्या हसण्यातच मेणबत्ती विझली आणि धुराची एक रेघ वर गेली. बारा बाटल्या मालकाला परत.

सभागृह रिकामं झालं. मी डॉक्टरांपाशी जाऊन बसले. माफी मागावी की काय, मला कळेना.

"मादाम, बूच काढायचा स्क्रू आहे ना तुमच्याकडे?"

"आत्ता? इथे?"

"मग केव्हा? माझी बाटली आहे. आत्ताच सगळ्यांसमोर सिद्ध झालं."

परत आलेल्या बारांतल्या एकीचं बूच मी हलक्या हातानं काढलं. अख्खं आलं. तिबो मला चार शब्द सुनावायला येत होता, त्याच्याही हातात ग्लास दिला. त्यानं नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग एक घोट. मग खुर्ची ओढून बसला. ओल्या पानांचा वास, सुकलेली चेरी, आणि मागून कुठूनतरी उन्हाची ऊब. ती हीटरची आहे असं कुणी म्हणालं असतं, तरी मी भांडले नसते.

"मोस्यू," तिबो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी ही पुन्हा लावू या का? मी स्वतः फोन करीन लोकांना."

"पुढच्या वर्षी? अरे पोरा, मुलीच्या फ्लॅटमध्ये बावीस अंश असतात. आता प्यायचीच. रविवारी जेवायला या दोघं. मुलगी ओरडेल, पण रांधेल." मग माझ्याकडे वळून, "वही द्या जरा. इथे किती आहे?"

मी भिंतीवरच्या तापमापकाकडे बघितलं. "एकोणीस."

त्यांनी तेच ऑगस्टचं पान काढलं. खाली थोडी जागा होती. आजची तारीख घातली आणि लिहिलं: १९. उघडली. चांगली आहे.

मग पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"करा सही."

मी केली.