गजग्याचं कुंपण

माझे सासरे भिवापूरहून आमच्याकडं राहायला आले ते एक ट्रंक, एक काठी आणि गजग्यांची एक पिशवी घेऊन. गजगे म्हणजे सागरगोटे, मुली अंगणात खेळतात तेच. राखाडी, गुळगुळीत, दगडाइतके टणक. मला वाटलं, नातीसाठी खेळायला आणले असतील. माझी लेक लगेच पिशवीत हात घालायला धावली, तर मामाजींनी पिशवीचं तोंड आवळून धरलं. खेळायचे नाहीत, बी आहे, म्हणाले. मी मनात म्हटलं, घ्या, खोल्या दोन, माणसं चार आणि आता काट्यांची शेती.

हे साल चौऱ्याहत्तरचं. नागपुरात प्रतापनगरच्या पलीकडं तेव्हा नुसती काळी जमीन आणि बाभळी होत्या. तिथं आमच्या यजमानांनी, म्हणजे मधुकररावांनी, कचेरीतल्या चार कारकुनांबरोबर प्लॉट घेतला आणि कशीबशी दोन खोल्यांवर स्लॅब टाकली. कुंपणाचं नाव नव्हतं. मी वांगी लावली की नत्थूच्या बकऱ्या खाऊन जायच्या, टमाटे लावले की म्हशी तुडवून जायच्या. मी शाळेतून येऊन आधी बकऱ्यांमागं धावायची आणि मग चहा ठेवायची. हे म्हणत होते, तारेचं कुंपण करू. मामाजींनी ऐकलं आणि हसले. तारेला गंज चढतो आणि गजगा वर्षावर्षाला जाड होतो, असं त्यांचं म्हणणं.

मग दोन दिवस आम्हाला गजग्यावर व्याख्यान. फांदीला काटा, पानाच्या देठाला काटा, शेंगेलाही काटा, आणि सगळे उलट्या तोंडाचे. माणूस आत सहज जातो, मागं सरकला की अडकतो. भिवापूरला एकदा कापूसचोर त्यात अडकला तर सकाळी त्याला सोडवायला धोतर कापावं लागलं म्हणे, आणि ते धोतर बरीच वर्षं कुंपणावर फडकत होतं. बरं, नुसता काटाच नाही. पोराला ताप आला की गजगा भाजायचा, आतला गर मिऱ्यासोबत उगाळून द्यायचा. पोट दुखलं तरी तोच. कडू असा की पोरगं औषधाच्या भीतीनंच बरं व्हावं. एवढं सगळं झाडाला पाणी न घालता. मी म्हटलं, मामाजी, मग भाजीच करा ना त्याची. त्यावर ते जे हसले, तेव्हापासून आमचं जरा जमायला लागलं.

पण खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती मला यांनी सांगितली. भिवापूर भागात मामाजींच्या हाताची ख्याती होती. कुणाला वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गजगा लावायचा असला की मामाजींना, म्हणजे रामाजींना, न्यायचे. दुसऱ्यानं लावलेला गजगा वर्षवर्ष उगवत नाही, उगवला तर इथं एक, तिथं एक. रामाजींनी बी टाकलं की पंधरवड्यात ओळ धरलीच. लोक म्हणायचे, हाताला गुण आहे. मग सासूबाई गेल्या. जमीन पुतण्याला वाहायला दिली. हे वडिलांना आणायला गेले, तर ते यायला तयार नव्हते. बसून खाणार नाही, म्हणाले. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. तुमच्या प्लॉटला कुंपण लावून देतो. माझ्या हातचं उगवलं तर राहीन, नाही उगवलं तर समजेन हात संपला, आणि भिवापूरला जाईन.

भिवापूरला जाऊन करणार काय होते? रिकामं घर, चूल पेटवायला कोणी नाही. सत्तरीचा माणूस. पण शब्द दिला म्हणजे दिला.

मृग लागला तसं मामाजींनी टिकास घेतलं. चारी बाजूंनी वीतभर खोल नाली खणली, शेणखत टाकलं, वीतवीतभर अंतरानं एकेक गजगा ठेवत गेले. कोणाला हात लावू दिला नाही. बाजूच्या प्लॉटचे भैयाजी, पेन्शनर माणूस, खुर्ची टाकून बघत बसायचे. त्यांचं आपलं एकच, माझं धोतर फाटलं तर जबाबदार कोण. मामाजी म्हणाले, धोतर सांभाळून बसा गा, अजून वेळ हाय.

पंधरवडा झाला. काही नाही. महिना झाला. नालीत गवत उगवलं, तरोटा उगवला, मी फेकलेल्या वांग्यांचं बी उगवलं. गजगा एक उगवला नाही. मामाजी सकाळी उठून उकिडवे बसत एकेक वीत माती बोटानं उकरून बघायचे. गजगा जसा टाकला तसाच. गुळगुळीत, कोरडा, जणू कालच टाकला. ते पुसायचे आणि परत ठेवायचे. हे म्हणाले, बाबा, राहू द्या, तार आणतो. त्या शब्दानं माणूस अजूनच खचला. जेवण कमी झालं. नातीला गोष्ट सांगणं बंद झालं. आणि एक दिवस ट्रंकेतले कपडे काढून, झटकून, परत घडी घालून ठेवताना मी पाहिलं. पोळा झाला की जातो, म्हणाले.

मला राग आला. कुणावर, ते विचारू नका. त्या पिशवीवर, मातीवर, मामाजींच्या शब्दावर. मी शाळेत पोरांना हरभरा भिजवून कोंब दाखवणारी मास्तरीण, आणि माझ्या दारात बी उगवत नाही.

नागपंचमीच्या दोन दिवस आधी जयवंता आली. भिवापूरची सासूबाईंची शेजारीण, वावरातली जन्माची जोडीदारीण. लेकीच्या बाळंतपणाला नागपुरात आली होती, म्हणून भेटायला. मामाजी तेव्हा नातीला घेऊन दुकानात गेले होते. मी चहा करता करता सगळं गाऱ्हाणं सांगितलं. जयवंता ऐकत होती, आणि ऐकता ऐकता कप खाली ठेवला.

"घासले व्हते का वं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, काय घासायचं?

मग तिनं सांगितलं. गजग्याचं कवच एवढं कठीण की पाणी आत शिरतच नाही. मृगाच्या आधी आठ दिवस, मामाजी वावरात गेले की, सासूबाई परसातल्या दगडावर बसून एकेक गजगा घासायच्या. राखाडी साल जाऊन पिवळट दिसेपर्यंत. डोळ्याच्या बाजूनं नाही, पाठीच्या बाजूनं, नाही तर कोंब मरतो. मग एक दिवस कोमट पाण्यात. मग पुसून, राख लावून, परत पिशवीत. मामाजी सकाळी पिशवी घेऊन निघायचे. राखेत माखलेल्या बियांकडं कोण निरखून पाहतो? घरची पिशवी, घरचं बी. लोक त्यांच्याकडूनच बी घ्यायचे, त्यांच्याच हातानं लावून घ्यायचे.

मी लहानपणी गजगा फरशीवर घासून गरम करायची आणि मैत्रिणीच्या दंडाला चटका द्यायची. सगळ्याच पोरी देतात. पण त्या घासण्यानं बी उगवत असेल हे काही माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी जयवंताला विचारलं, मग सासूबाईंनी मामाजींना सांगितलं कसं नाही?

"म्या बी इचारलं होतं," जयवंता म्हणाली. "तं म्हणे, गाव त्याईच्या हाताले मानते, त्याईले उभारी येते. सांगून आपल्याले का भेटते?"

जयवंता गेली आणि मी ठरवलं, तोंड शिवून ठेवायचं. न्हाणीतल्या दगडावर बसून पिशवीत उरलेले मूठभर गजगे गुपचूप घासायचे, नालीत पुरायचे, उगवले की मामाजींचा हात परत येईल. सासूबाईंना जमलं ते मला का नाही जमणार? पहिला गजगा घासायला घेतला तर दहा मिनिटांत फक्त एक ओरखडा. दुसऱ्याला हात दुखला. तिसऱ्याला कळलं की ही बाई काय करत होती.

आणि तेवढ्यात मामाजी आले. ओट्यावर टेकले आणि आपल्या हाताकडं बघत म्हणाले, हात मेला माझा, म्हातारी गेली तवाच कुठी मेला असंल. बस्स. माझं तोंड सुटलं. मी ओला हात घेऊन बाहेर आले आणि सगळं बोलून टाकलं. तुमच्या हाताचा गुण कधीच नव्हता, मामाजी. घासत होत्या त्या. दर वर्षी. तुम्ही फक्त मातीत ठेवत होता.

बोलले आणि जीभ चावली. मामाजी उठले. काठी घेतली आणि नालीच्या पार त्या टोकाला जाऊन पाठमोरे बसले. दिवे लागले तरी उठले नाहीत. हे कचेरीतून आले, त्यांनी विचारलं, बाबांना काय झालं. मी म्हटलं, मी झाले. माणसाजवळ उरलेली एक गोष्ट मी हिसकावून घेतली होती, तीही खरं बोलून. त्या संध्याकाळी मला स्वतःची भारी चीड आली.

सकाळी उठले तर न्हाणीतून खरखर आवाज. मामाजी दगडासमोर मांडी घालून बसले होते. नालीतले सगळे गजगे त्यांनी उकरून आणले होते. माझ्याकडं न बघता विचारलं, कोणती बाजू म्हणाली जयवंता?

पाठीची, मी म्हटलं.

तीन दिवस ते घासत होते. मी मदतीला बसले तर उठवलं. हे सुट्टी काढतो म्हणाले, तर त्यांनाही कचेरीत पिटाळलं. पहिल्या दिवशी बोटं लाल झाली, दुसऱ्या दिवशी टोकांची कातडी गेली. चिंधी बांधली तर गजगा निसटतो म्हणून चिंधीही नको. भैयाजी येऊन म्हणाले, हे काय नवीन? मामाजी म्हणाले, नवीन नाही, जुनंच हाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. भाजी भिवापुरी मिरचीची, घरच्या रितीप्रमाणं लालभडक. मामाजींनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि हात असा मागं घेतला की ताटली हलली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी बोटं पाण्यात बुडवली. बराच वेळ तशीच ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, मला वाटलं मिरचीचं.

"मृगाच्या आधी दर वर्षी ती आठ दिवस नुसता दहीभात खात होती," ते म्हणाले. "लाकडाच्या चमच्यानं. मी म्हणत होतो, नखरे करून राहिली."

मी दही आणलं, भात कालवला आणि चमचा ताटात ठेवला. मामाजींनी चमचा बाजूला सारला. चिंध्या न बांधलेल्या त्याच हातानं त्यांनी ती तिखट भाजी आणि पूर्ण भाकर खाल्ली, थांबत थांबत, पाण्यात बोटं बुडवत. मी थांबवलं नाही. काही गोष्टींत सुनेनं मधे पडू नये एवढी अक्कल मला तोपर्यंत आली होती.

मग गजगे कोमट पाण्यात पडले, फुगले, आणि मामाजींनी पुन्हा नाली धरली. या वेळी माझ्या लेकीला सोबत घेतलं. ती बी द्यायची, ते ठेवायचे. ट्रंक मात्र दाराशी तशीच होती. पोळा जवळ आला होता, आणि शब्द अजून तसाच होता. मी रोज सकाळी आधी नालीकडं बघायची, मग दूध तापवायची. देवापुढं उभी राहून काय काय बोलले ते सांगत नाही, लाज वाटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माती तडकली. आधी एका जागी, मग तिथून पुढं ओळीनं. जाड, वाकडे, हिरवे कोंब, कवचाची टोपी डोक्यावर. दुपारपर्यंत पश्चिमेची बाजू जवळजवळ भरली. हे कचेरीतून सायकल टाकून धावत आले आणि बाबा, बाबा करत राहिले. भैयाजी धोतर वर धरून नालीपर्यंत आले, नीट वाकून बघितलं आणि म्हणाले, मानलं बुवा रामाजी, हाताले गुण हाय तुमच्या. माझ्या बाजूनं बी लावून द्या.

आता मामाजी काय बोलतील?

इथं एक सांगायला हवं. तोवर मला त्या घरची सून होऊन आठ वर्षं झाली होती, आणि मामाजींच्या तोंडून सासूबाईंचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. जिवंत असताना "मधूची माय", गेल्यावर "म्हातारी". त्या पिढीत नवऱ्यानं नाव घ्यायचंच नसतं. मामाजींनी एका कोंबावरची मातीची ढेपळी बोटानं बाजूला केली.

"माह्या हाताचा नाही, भैयाजी," ते म्हणाले. "रुखमाचा हाय. तिचं अर्धं काम राह्यलं होतं, ते आता मीच करत जाईन. तुमच्या बाजूचं पुढच्या मृगाले लावू."

पुढच्या मृगाले. मी आत गेले आणि ट्रंक उचलून पलंगाखाली सरकवली.